थिबा पॅलेस आणि "आत काय नाय"

आज सकाळी रत्नागिरीत, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या राजवाड्याच्या, म्हणजे थिबा पॅलेसच्या फाटकाशी एक गृहस्थ गाडीत बसता बसता बायकोला म्हणाले, "आत काय नाय गो. सरळ गणपतीपुळ्याला गेलो असतो तर बरं झालं असतं." आत जाऊन बाहेर यायला दहा मिनिटंही लागली नव्हती. रत्नागिरीकरांनो, आपणच पाहुण्यांना असं घाईत आत सोडतो, म्हणून लिहितोय.

दारातून थेट आत शिरायचंच नाही. आधी बाहेरून अख्खी फेरी मारा. उतरती छपरं, अर्धगोल लाकडी खिडक्या, त्यांवरचं कोरीव काम हे बाहेरूनच कळतं. मग नैऋत्येच्या अंगाला या, पावसाची झड तिकडून बसते. जोत्यालगतचा जांभ्या दगडाचा चिरा जवळून बघा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की वरून टणक होतो, पण पाणी पितोच. पागोळीचं पाणी जोत्यावर उडतं, जमिनीतली ओल वर चढते. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याच्या असतील तर ओल तिथून निघून जाते. सिमेंटने भरल्या की कोंडते, मग चिऱ्यातूनच वाट काढते. लोणा, म्हणजे खार धरतो, आणि काही वर्षांनी सिमेंटची रेघ शाबूत, मधला चिरा मात्र भुसभुशीत. कोकणातल्या कुठल्याही जुन्या कचेरीची भिंत बघा, हेच दिसेल. तरी आपले लोक म्हणणार, "सिमेंट मजबूत हो!"

आणि ते बदाम कोरणारे! चिऱ्याची टणक कातडी किल्लीने फोडली की आतला मऊ भाग पुढच्या पावसाला उघडा. तुमचं प्रेम टिको न टिको, खड्डा वाढत जाणार.

बरं, राजाचं सामान फारसं उरलेलं नाही, मान्य. पण पहिल्या मजल्यावरच्या नृत्याच्या दालनाची संगमरवरी फरशी आहे ना? "काय नाय" म्हणणाऱ्या त्या माणसाने खाली बघितलं तरी का?

मला खरा राग त्याचाही नाही. त्याला कुणी सांगितलंच नसणार की 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या वर्षी ब्रह्मदेशाचा राजा कुटुंबासकट इथे आणून ठेवला. हा राजवाडा तयार झाला 1910 मध्ये. तोवर चोवीस वर्षं हे कुटुंब दुसऱ्याच बंगल्यांतून राहिलं. 1916 मध्ये राजा गेला. म्हणजे एवढ्या दालनांत त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षं. राणी सुपायालात 1919 मध्ये परत गेली, राजा इथल्याच मातीत राहिला. थोरली राजकन्या तर पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच वारली. हे ठाऊक असलं की रिकामी खोलीही वेगळी दिसते. रिकामीच असायला हवी, असंही कधी वाटतं.

तेव्हा पाहुण्यांना दीड तास हाताशी ठेवून पाठवा. बाहेरची फेरी, वरचा मजला, खालचं वस्तुसंग्रहालय, मागची बुद्धमूर्ती आणि मग शिवाजीनगरातली राजाची कबर. कबर बहुतेक जण गाळतात, ती गाळू नका. थिबा पॉइंट संध्याकाळसाठी ठेवा, भर दुपारी तिथून भाट्याची खाडी नुसती डोळ्यांवर येते. आणि सोमवारी पाठवू नका, संग्रहालय बंद असतं.