मिरजेत असं काही व्हायला हवं

टोकियोच्या कासाईतल्या भुयारी रेल्वे संग्रहालयावरचा लेख आवडला. लेकीकडे गेलो होतो तेव्हा नातवासोबत पाहिलंय. आसाकुसा ते उएनो ही जेमतेम २.२ किलोमीटरची टोकियोतली पहिली भुयारी लाइन १९२७ ची. तिचा पिवळा डबा तिथे आहे. पण नातू रमला तो गाडी चालवायच्या सिम्युलेटरवर. ब्रेक उशिरा लावला आणि गाडी फलाटाच्या पुढे गेली! स्टेशन दिसायच्या आधीच वेग का उतरवायचा, हे त्याला तेव्हा हाताला कळलं.

आम्ही सांगलीकर. शेजारच्या मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज, म्हणजे तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ, होती. आमच्या पोरांना तिथे सिग्नलचा खटका स्वतः ओढायला मिळावा, असं मनापासून वाटतं. जुने रेल्वेवाले अजून आहेत, ते हौसेनं शिकवतील.