‘मुलीला लंडन दाखवलेच नाही’ या आक्षेपाला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

लेकीला घेऊन केलेल्या लंडनच्या बारा दिवसांच्या प्रवासावरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि आपली नाराजीही तितक्याच सविस्तर कळवलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, टॉवर ऑफ लंडनचा किल्ला, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि लंडन आयचा उंच पाळणा सोडून आठ वर्षांच्या मुलीला ‘बोगद्यात आणि अनाथाश्रमात’ फिरवणे हा तिच्यावर अन्याय आहे. मध्यमवर्गीय मराठी कुटुंब आयुष्यात एकदाच तिकडे जाते, तेव्हा त्याने असले प्रयोग करू नयेत. आणि ही सगळी आईची हौस आहे, मुलीची नव्हे. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण तो अगदीच चुकीचा नाही. म्हणून त्याचे उत्तर आधी देते.

सहाव्या दिवशी लिटल व्हेनिसपासून कॅमडेनपर्यंत रीजंट्स कालव्याच्या काठाने चालत जायचे, हा बेत पूर्णपणे माझा होता. 1820 साली पूर्ण झालेल्या या कालव्यातल्या मालवाहू नावा पूर्वी काठावरून घोडे ओढून नेत असत आणि घोड्यांच्या त्या पायवाटेवरून आज माणसे फिरतात, याचे मला फार दिवसांपासून आकर्षण होते. अंतर चार किलोमीटरच्या आसपास. पण पाऊस लागला, मुलीचे बूट भिजले आणि प्राणिसंग्रहालयाच्या जवळ आल्यावर ती रडू लागली. ‘आता थोडेच राहिले’ असे मी तिला तीन वेळा सांगितले आणि तिन्ही वेळा ते खरे नव्हते. लेखात मी तो दिवस ‘कालव्याकाठची रम्य सकाळ’ अशा एका ओळीत उरकला. आपण नेमके त्याच ओळीवर बोट ठेवून ‘रम्य कोणासाठी?’ असे विचारलेत. ती सकाळ माझ्यासाठी रम्य होती, तिच्यासाठी नव्हती, आणि हे लेखातच लिहायला हवे होते.

मात्र त्या एका दिवसावरून बाकीच्या अकरा दिवसांचा निकाल लावू नये, अशी माझी विनंती आहे. आपण ज्या बोगद्याचा उल्लेख काहीशा तुच्छतेने केलात, तिथला तासभर तिने स्वतः कसा घालवला, हे मी लेखात पुरेसे सांगितले नव्हते.

ग्रिनिचला ‘कटी सार्क’ हे जुने जहाज उभे आहे आणि त्याच्या शेजारी काचेचा घुमट असलेली एक छोटी गोल इमारत आहे. जहाज बघायला आलेल्या अनेकांचे तिकडे लक्षही जात नाही. आत शिरले की गोल फिरत जाणारा जिना खाली उतरतो आणि थेट थेम्स नदीच्या पोटातून पलीकडे नेणारा, सुमारे 370 मीटर लांबीचा पादचारी बोगदा लागतो. दक्षिण काठावर राहणाऱ्या मजुरांना उत्तर काठावरच्या गोद्यांमध्ये कामाला चालत जाता यावे, म्हणून तो 1902 साली खुला झाला. त्याच्यासाठी पाठपुरावा करणारे विल क्रुक्स हे पॉप्लरच्या कामगार वस्तीतून पुढे आलेले नेते होते आणि त्यांचे स्वतःचे बालपण काही काळ गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात गेले होते. हे सगळे मी तिला सांगितले आणि तिने ते ऐकलेही, पण तिचे लक्ष वेगळीकडेच होते. जिना उतरताना ती पायऱ्या मोजत होती. खाली पोचल्यावर तिने पांढऱ्या चकचकीत फरश्यांच्या भिंतीवरून हात फिरवला आणि ‘आई, नदी आत्ता आपल्या डोक्यावर आहे का?’ असे हळू आवाजात विचारले, कारण मोठ्याने बोलले की आवाज पार लांब जाऊन परत येतो हे तिला दोन मिनिटांत कळले होते. उत्तरेच्या टोकाजवळ ती एकदम थांबली. तिथे फरश्या संपतात, भिंतींना आतून लोखंडी अस्तर लागते आणि बोगदा अरुंद होतो. ‘इथे हा बारीक का झाला?’ हा प्रश्न तिचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बमुळे त्या बाजूला बोगद्याचे नुकसान झाले आणि आतून पोलादी कवच घालून तो दुरुस्त केला गेला, हे मला त्या प्रश्नामुळे सांगता आले. महायुद्ध हा शब्द तिने त्याआधीही ऐकला होता, पण त्याचा व्रण हाताला लागेल अशा जागी ती पहिल्यांदाच उभी होती. परतताना आम्ही पुन्हा बोगद्यातूनच यायचे, हा आग्रह तिचा होता.

अनाथाश्रमाविषयी आपण ‘लहान मुलीला असले दुःख दाखवायचे कारण काय?’ असे विचारले आहे. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. ब्रन्सविक स्क्वेअरजवळचे फाउंडलिंग म्युझियम ज्या संस्थेची कहाणी सांगते, ती संस्था थॉमस कोरम या निवृत्त खलाशाने सतरा वर्षांच्या खटपटीनंतर 1739 साली राजाची सनद मिळवून उभी केली. ज्या आयांना मूल सांभाळणे अशक्य होते, त्या आपले तान्हे मूल तिथे आणून देत. मुलाला नवे नाव मिळे. पुढे कधी परिस्थिती सुधारली आणि आई परत आली, तर मूल नेमके कोणते हे पटावे म्हणून तिने दिलेली एखादी खूण कागदपत्रांसोबत जपून ठेवली जाई. त्या खुणा आज काचेच्या पेटीत मांडलेल्या आहेत: नाव कोरलेले नाणे, बटण, हेझलनटचे एक कवच. 1741 ते 1760 या काळात दाखल झालेल्या 16 हजारांहून अधिक बाळांपैकी आयांनी परत नेलेली मुले 150 च्या आसपास होती.

मी तिला हा आकडा सांगितला नाही. ‘फार थोड्या आया परत येऊ शकल्या’ एवढेच सांगितले. ती रडली नाही, घाबरलीही नाही. बराच वेळ पेटीसमोर उभी राहून तिने मला विचारले, ‘तू काय ठेवले असतेस?’ मी म्हटले, मंगळसूत्राचा एक मणी. त्यावर तिने विचार करून मान हलवली. ‘मणी सगळ्या आयांकडे सारखेच असतात. माझ्या हिरव्या स्वेटरचे ते कोपरा तुटलेले बटण ठेव, तसे दुसऱ्या कोणाकडे नसेल.’ खूण म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा नीट समजले होते. दुःखाच्या गोष्टी मुलांपासून लपवाव्यात की नाही यावर आपले मतभेद राहू शकतात, परंतु त्या पेटीसमोर तिच्यावर काही लादले गेले, असे मला वाटत नाही.

त्याच्या शेजारीच, जिथे पूर्वी त्या संस्थेची मुख्य इमारत होती तिथे, आता कोरम्स फील्ड्स हे मुलांचे मैदान आहे. तिथे सोबत लहान मूल असल्याखेरीज मोठ्या माणसाला प्रवेशच नाही. ‘मी आहे म्हणून तुला आत सोडले’ हे वाक्य मी त्या दुपारी किती वेळा ऐकले, ते मोजलेले नाही. आडवाटेच्या जागी मुलीला नेणे सुरक्षित आहे का, अशी काळजी आपण व्यक्त केली आहे. निदान या जागेपुरती ती आपण निश्चिंतपणे सोडावी.

प्रसिद्ध स्थळे मी मुद्दाम टाळली, हा मात्र गैरसमज आहे. नॅचरल हिस्टरी म्युझियमला आम्ही दोनदा गेलो आणि त्याहून अधिक प्रसिद्ध जागा शोधावी लागेल. पण दुसऱ्या भेटीनंतर क्रिस्टल पॅलेस पार्कला गेलो, ते तिच्या हट्टामुळे. तिथल्या तळ्याकाठी 1854 पासून डायनासोर आणि इतर लुप्त प्राण्यांचे मोठमोठे पुतळे उभे आहेत. त्यातल्या इग्वानोडॉन या डायनासोरच्या नाकावर शिंग आहे. ते पाहताच ती ओरडली, ‘चुकले आहे! ते अंगठ्यावर असते!’ तिचे बरोबर होते. पुतळे घडवले गेले तेव्हा शास्त्रज्ञांच्या हाती मोजकीच हाडे होती. बेल्जियममधल्या खाणीत 1878 साली पूर्ण सांगाडे सापडू लागले आणि ते ‘शिंग’ म्हणजे अंगठ्यावरचा काटा असल्याचे स्पष्ट झाले. मोठ्या माणसांनी, तेही विद्वानांनी, मनापासून केलेली एवढी मोठी चूक आजही जपून ठेवली आहे, याचा तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. लंडन आयच्या पाळण्यात तिला तो मिळाला असता का, हे मी सांगू शकत नाही. पण त्या तळ्याकाठी मिळाला, एवढे खरे.

आयुष्यात एकदाच जाणाऱ्यांविषयी आपण लिहिले आहे, ते मला पटते. खर्चाचा मुख्य भाग विमान, व्हिसा आणि राहणे यांत जातो आणि तो कोणालाच चुकत नाही. आमची राहण्याची सोय मावसबहिणीकडे झाली, ही सवलत प्रत्येकाला नसते. मात्र अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत भुयारी रेल्वे आणि बस फुकट आहे, आणि मी लिहिलेल्या बहुतेक जागांना तिकीटच नाही. शहर उंचावरून बघायचे तर प्रिमरोझ हिल आहे. आम्ही तिथे गेलो ते किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घर पाहून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921–22 मध्ये विद्यार्थी असताना तिथे राहिले आणि 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. साध्या निवासी रस्त्यावरचे साधे घर आहे. तिथून टेकडी चालत गाठता येते. वर गवतावर बसून आम्ही डबा उघडला आणि समोर सगळे शहर पसरले होते, आपले लंडन आयसुद्धा.

पुढच्या जूनमध्ये आपण सहा वर्षांच्या नातवाला घेऊन जाणार आहात, असे आपण शेवटी लिहिले आहे. टॉवर ऑफ लंडन जरूर दाखवा. कावळे त्याला आवडतील. पण त्या दिवशी दुसरे काही ठरवू नका. ग्रिनिचला गेलात तर बोगद्याला दोन्ही टोकांना लिफ्ट आहे, आपल्या गुडघ्यांसाठी तिचा उपयोग होईल. ती चालू आहे ना, हे आधी पाहून घ्या. नातू मात्र जिन्याने उतरेल असे बघा. आमच्या मुलीने दक्षिणेकडच्या पायऱ्या शंभर मोजल्या आहेत आणि त्याची मोजणी तितकीच भरते का, ते तिला कळवायला सांगा.