राउटर फ्रीजमधून काढा, आधी अडॅप्टर बघा

मार्च सरत आला की आमच्या परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो आमच्या मामांनीच पाठवला. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. उन्हाळ्यात राउटर, कॉम्प्युटर बंद पडला तर दोष उन्हाचा, 10 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. कमी व्होल्टेजला घाबरू नका, वस्तू जळते ती जास्त व्होल्टेजनं. मूळच्यापेक्षा जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावला तर यंत्र जळतं. आणि स्टॅबिलायझर बसवला की चिंता मिटली. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसणारा माणूस, त्यामुळे गप्प राहवेना.

ऊन अगदीच निर्दोष आहे असं नाही. मे महिन्यात इथला पारा 42-43 ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. बऱ्याच राउटरसोबतच्या कागदावर मात्र 40 अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. पण बंद कधी पडतं तेही बघावं की. गेल्या उन्हाळ्यात सेलूकडचे एक काका राउटर घेऊन आले, सारखा रिस्टार्ट होतो म्हणून. तीनदा फ्रीजमध्ये ठेवून झाला होता. विचारलं, कधी होतो? म्हणाले, "रात्री, लेकरं मोबाईल घेऊन बसली की." म्हणजे भर दुपारी दोनला, पत्रे तापलेले असताना, तो गुमान चालत होता!

अडॅप्टरच्या पिनेवर मीटर लावला, 12.1 व्होल्ट. काका म्हणाले, "बघा, पॉवर तर बरोबर हाय." मग राउटर उघडला, अडॅप्टर जोडला आणि सॉकेटच्या मागच्या टाक्यांवर प्रोब टेकवून ठेवले. दोन-तीन मोबाईल जोडून व्हिडिओ लावले. आकडा 11 वर आला, मग 9.4, आणि दिवे विझून पुन्हा पेटले. अडॅप्टर फोडला तर आतल्या कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डबीचं, डोकं फुगलेलं. रिकाम्या अडॅप्टरचं व्होल्टेज मोजणं म्हणजे बैल गोठ्यात बघून औताची परीक्षा करणं.

त्या कंडेन्सरला उष्णतेनंच मारलं, हे मान्य. ढोबळ हिशेब असा, की 10 अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. पण ते झिजणं वर्षानुवर्षांचं असतं, फ्रीजमध्ये ठेवून भरून निघत नाही. उलट फ्रीजमधली वस्तू बाहेर काढली की पाण्याच्या बाटलीला सुटतो तसा घाम सर्किटवर सुटतो. त्यात घरात कूलर चालू असला तर हवा आधीच ओली. तशात वायर जोडली की एका दुखण्याची दोन होतात.

कॉम्प्युटरचं म्हणाल, तर मानवतच्या एका जिनिंगमधला वजनकाट्याचा कॉम्प्युटर आला होता. पंख्याखाली रुईची अक्षरशः गादी बसलेली. ब्रश, ब्लोअर आणि चिपची उष्णता बाहेर नेणारी नवी थर्मल पेस्ट, एवढ्यावर भागलं.

आता कमी व्होल्टेज. हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण खेड्यात त्रास याचाच. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरात 230 चे 170 होतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे 170 ला तो निम्म्याच्या थोडा वर उरतो. फ्रीजच्या कॉम्प्रेसरमध्येही मोटारच असते, तो उठायला बघतो, उठत नाही, नुसता घुमतो. त्या अवस्थेत तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि वाइंडिंग तापतं. ओव्हरलोड, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा छोटा स्विच, टिक करून तोडतो, थोड्या वेळानं पुन्हा तेच. मोबाईलच्या चार्जरचं तसं नाही. त्यावर 100-240 लिहिलेलं असेल तर तो करंट थोडा जास्त ओढून भागवतो.

अँपिअरचं तर हसूच आलं. गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, 63 केव्हीए एवढ्या ताकदीची असते म्हणून कुणाच्या घरातला बल्ब फुटला का? यंत्र लागेल तेवढाच करंट घेतं. व्होल्ट आणि पिनेचे प्लस-मायनस जुळले पाहिजेत, अँपिअर जास्त असला तर बरंच. 2 अँपिअर मागणाऱ्या यंत्राला अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर लावला, तर मात्र तो हात भाजेल इतका तापतो.

राहिला स्टॅबिलायझर. व्होल्टेज ठरावीक पट्ट्यात खाली-वर होत असेल तोवर तो कामाचा. डीपीवरचा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, सुटला तर खेळच बदलतो. दोन फेजमधलं 400 च्या आसपासचं व्होल्टेज दोन बाजूंच्या घरांत वाटलं जातं आणि ज्या बाजूला लोड कमी, तिकडं जास्त जातं. तुमचा बल्ब डोळे दिपवतो, शेजारच्यांचा मिणमिणतो, आणि कुणी फ्रीज लावला की दोन्ही बदलतात. असं दिसलं की मेन स्विच पाडायचा आणि वायरमनला फोन करायचा. डीपीला स्वतः हात लावायचा नाही. पुढच्या वेळी स्टॅबिलायझर घेताना हायकट, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडणारं साधन, आहे का तेवढं विचारा, पुष्कळ स्वस्त डब्यांत ते नसतं.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ते जाऊ दे, आमचा फ्रीज सकाळपासून नुसता टिक-टिक करायलाय, गार काहीच होईना." विचारलं, पंखा कसा फिरतोय? म्हणाले, "पाती मोजता येतील इतका हळू."

म्हटलं, मामा, फोन ठेवा आणि आधी फ्रीजचा प्लग काढा.