वाळू पाडकामाच्या दिवशीच ठरते

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराचा मागचा स्लॅबचा भाग यंदा पाडायचा आहे, आणि त्यातल्या काँक्रीटचा चुरा नव्या जुडाईत, म्हणजे विटांच्या बांधकामात, वाळू म्हणून वापरावा की नाही, यावरून दादा आणि पुतण्या यांच्यात महिनाभर वाद चालू आहे. दादांना नर्मदेच्या रेतीवाचून काही चालत नाही. पुतण्याचे म्हणणे असे की, जे इंदूर घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करते, त्याने काँक्रीटच का टाकून द्यावे. मी बर्लिनला असल्यामुळे साक्ष माझी काढली जाते.

माझी साक्ष पुतण्याला पूर्ण सोयीची नाही. जर्मनीतही मलब्याचा मोठा भाग रस्त्यांच्या पायाखाली जातो, आणि २ मिलिमीटरहून बारीक चुऱ्याला इमारतींच्या काँक्रीटमध्ये अनेक वर्षे मज्जाव होता. कणांना जुने सिमेंट चिकटलेले असते आणि ते पाणी ओढते. दिवाळीत आलो तेव्हा मी दोन घमेल्यांत सारखेच पाणी शिंपडून पाहिले. रेती ओली चमकत राहिली, चुरा मात्र पाहता पाहता पुन्हा राखाडी झाला. माल कालवताना असेच झाले की गवंडी वरून आणखी पाणी ओततो आणि पुढे गिलाव्याला भेगा पडतात. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने असा चुरा साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतला आहे खरा, पण जुडाईच्या रेतीचे मानक निराळे आहे, हे पुतण्या सोयीस्करपणे विसरतो.

तरीही चुरा आधी भिजवून, रेतीत थोडा मिसळून कुंपणाच्या भिंतीला वापरावा, असेच माझे मत आहे. पाण्याला उपाय आहे, पीओपीला, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसला, नाही. छताचे पीओपी काँक्रीटबरोबर भरडले गेले की त्यातले जिप्सम सिमेंटशी मिळून पुढे फुगते आणि सांधे सुटतात. जर्मनीत २०१७ पासूनच्या नियमानुसार जिप्समचे साहित्य बांधकामावरच वेगळे ठेवावे लागते. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी वर्गवारीची सक्ती घातली ती दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन मलबा काढणाऱ्यांवर. आमच्यासारख्यांची ट्रॉली सरमिसळच भरली जाते.

पीओपी आधी उतरवून पोत्यांत भरायचे, एवढे दादांनी मान्य केले आहे. ठेकेदार त्याची मजुरी वेगळी मागतो आहे, आणि ती कोणी द्यायची यावर आता नवा वाद सुरू झाला आहे.