‘दुधाचे दात पडणारच’ म्हणून कीड तशीच सोडायची?

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यावर खर्च करू नका. फ्लोराइडची पेस्ट विष आहे. साखरेऐवजी गूळ-मध द्या. आणि कीड लागते ती कॅल्शियम कमी पडल्यामुळे. या चारही गोष्टींनी नुकसान मुलांचंच होतं, म्हणून एकेक घेते.

पडणार, पण कधी? पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात, ते सगळ्यांना दिसतं. दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेवर मुलाला आणखी सहा-सात वर्षं जेवायचं असतं. या दातांचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ, त्यामुळे कीड लवकर नसेपर्यंत पोचते. मग रात्रीचा ठणका, एकाच बाजूने चावणं, हिरडीवर पुवाची पुळी. जेवायला कंटाळा करतं म्हणून मुलाला ओरडण्याआधी त्याच्या दाढा बघा. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातावर कायमचा डाग राहू शकतो. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. तेव्हा वाचवलेले पैसे पुढे दातांना तारा लावण्यात जातात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की असते, जन्मभराची. ‘पडणारच’ म्हणत तीही किडू दिली जाते, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

फ्लोराइडची भीती उगाच आलेली नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे आणि त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. पण तो परिणाम लहानपणी वर्षानुवर्षं प्यायलेल्या पाण्याचा. पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच लावायची, तीही मोठ्यांनी. सकाळी आणि झोपण्यापूर्वी, समोर उभं राहून. ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) आसपास हवा. ‘लहान मुलांसाठी’ लिहिलेल्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर मात्र पेस्ट डॉक्टरांना विचारून ठरवा.

गुळातही मुख्यतः साखरच असते. तिचं आम्ल करणाऱ्या जंतूंना रंगाशी देणंघेणं नाही. वर्षाखालच्या बाळाला तर मध मुळीच चाटवू नका, त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. सगळ्यात वाईट म्हणजे दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं: झोपेत लाळ कमी सुटते आणि वरचे पुढचे दात किडायला लागतात.

आणि कॅल्शियमच्या बाटलीने दाताला पडलेलं भोक बुजत नाही.

हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर तीच कीडीची सुरुवात. त्या वेळी फ्लोराइडच्या लेपाने ती थांबू शकते. खड्डा पडला असला तरी काही वेळा सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावून, मशीन न चालवता कीड थोपवता येते. दाताचा किडलेला भाग त्याने काळा पडतो, हे आधी माहीत असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. मशीनच्या आवाजाला मूल घाबरत असेल तर डॉक्टरांना या औषधाबद्दल नक्की विचारा.