साहेब, झिरो बघा

मनाली-लेह रस्त्यावर टांडीला एक पेट्रोल पंप आहे. तिथली पाटी सांगते, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. या पाटीचा फोटो मोबाइलवर पाहिला आणि आमच्या घरातली शांतता गेली. वास्तविक मी राहतो कोथरूडला. पण दारात जुनी फोर बाय फोर जीप उभी असली की माणूस स्वतःला कोथरूडचा समजत नाही.

जीपची टाकी चाळीस लिटरची, अ‍ॅव्हरेज दहाचं. "मग चारशे होतात की. पुरतंय!" बायको म्हणाली. तिला समजावलं, की बारालाचा खिंडीचा चढ, विरळ हवा, पहिला-दुसरा गिअर, तिथे दहाचे सहा होतात. त्यावर तिने विचारलं, "आपण जाणार कधी?" हा प्रश्न तांत्रिक नव्हता, म्हणून मी तो सोडून दिला.

जीपला दुसरी टाकी बसवायचं मी ठरवलं. ऑस्ट्रेलियात म्हणे अशा जादा टाक्या तयार मिळतात. आम्हाला भोसरीतले मिस्त्री मिळाले. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन ते जीपखाली सरकले आणि शिंप्यासारखं माप घेऊन बाहेर आले. मी भंगारातली एक स्वस्त टाकी सुचवून पाहिली. "जुन्या टाकीला वेल्डिंग मारायचं नाही. आत वाफ असते. तुम्ही पण जाल, मी पण जाईन." नवीन पत्रा ठरला. मग म्हणाले, "आत पडदे टाकावे लागतील."

"टाकीला पडदे? आत कोण बघतंय?"

माझ्याकडे त्यांनी दयेनं पाहिलं. चाळीस लिटर डिझेल म्हणजे तेहतीस-चौतीस किलो. ब्रेक मारला की गाडी थांबते, डिझेल थांबत नाही, ते पुढच्या पत्र्यावर जाऊन आदळतं. त्याला अडवायला मध्ये भोकं पाडलेल्या पट्ट्या, त्यांना पडदे म्हणायचं.

टाकी बसली त्याच संध्याकाळी तळमजल्यावरचे काका खाली वाकून बघून गेले. दुसऱ्या दिवशी हातात कागद. "मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही." काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण कलमं त्यांना सगळ्या खात्यांची येतात. आणि खरं सांगायचं तर कलम बरोबर होतं. मी चहा पुढे केला.

मग पहिल्यांदा पंपावर गेलो. "साहेब, झिरो बघा," पोऱ्या म्हणाला. मी झिरो बघितला. दोन लिटर गेलं आणि नोझल टक्कन बंद. परत दाबलं, टक्. तिसऱ्यांदा त्याने जरा जोर लावला आणि डिझेल उलटं उसळून माझ्या शर्टावर आलं. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढेना. मिस्त्रींना फोन लावला, ते म्हणाले नोझल खराब असेल. दुसऱ्या पंपावर गेलो. तिथेही झिरो बघितला, तिथेही टक्.

घरी आलो तर आई चकलीसाठी पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडत बसली होती. खिळा आणि वरवंटा. एका कोपऱ्यात भोक पाडलं, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं. माझ्या शर्टाचा वास आला तशी तिने मान वर केली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसरं भोक पाडलंय का त्याला?"

पाडलं होतं, पण बुजलं होतं. आतली हवा बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप क्लॅम्पखाली चेपला होता. हवा बाहेर जात नव्हती म्हणून डिझेल आत जात नव्हतं. मिस्त्रींनी पाइप सोडवला आणि म्हणाले, "आईंना पाठवा गॅरेजला."

पुढच्या वेळी दोन्ही टाक्या मिळून मीटर पंच्याहत्तरच्या पुढे गेला. पोऱ्या नोझल तसंच धरून गाडीखाली वाकला. पुण्यात पंपवाल्याने गिऱ्हाइकावर संशय घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला.

लेहला जायचं राहिलं. रजा मिळाली नाही. जीप ताम्हिणीपर्यंत जाऊन आली.

पण २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांचा संप झाला. हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध टँकरवालेही त्यात उतरले आणि पंपांवर रांगा लागल्या. रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे काका, एका हातात पाच लिटरचा कॅन, दुसऱ्या हातात आमच्याच घरून गणपतीत नेलेलं नरसाळं. त्यांच्या गाडीचा काटा लाल रेघेवर होता. कलमाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

टॉर्च घेऊन खाली गेलो. टाकीच्या तळाच्या कॉकला नळी लावली आणि म्हणालो, "काका, झिरो बघा."

काकांनी चष्मा वर केला आणि कॅनमध्ये डोकावून खरंच बघितलं.