अँटी-टीपीओ उतरलं, टीएसएच चढलं

सकाळी तळजाईवर फिरायला जाणाऱ्या आमच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज दर दीड-दोन महिन्यांनी नव्या गुलाबाच्या फुलासकट उगवतो. मजकूर असा : 'थायरॉईड हा आजार नाहीच, खरा आजार अँटीबॉडीज. गहू आणि दूध बंद करा, रोज चार ब्राझील नट्स खा, ९० दिवसांत अँटी-टीपीओ शून्य. मग गोळी कचऱ्यात. डॉक्टर ही तपासणी पुन्हा सांगत नाहीत, कारण त्यांना गोळी विकायची असते.'

मला हाशिमोटो होऊन अकरा वर्षं झाली, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते तो आजार. मी डॉक्टर नाही, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण हा मेसेज माझ्या धाकट्या जावेनं मनावर घेतला, आणि त्याचे कागद माझ्याच फायलीत लागलेत. तेव्हा एकेक वाक्य घेते. त्याआधी तीन शब्द : अँटी-टीपीओ म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीजची रक्ततपासणी; टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की ते चढतं; आणि गोळी म्हणजे थायरॉक्सिन, ग्रंथीकडून कमी पडणारं हार्मोन.

'खरा आजार अँटीबॉडीज.' हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरनं १९१२ साली चार बायकांच्या थायरॉईड ग्रंथींचं वर्णन छापलं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दिसली ती ग्रंथीत घुसलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी. रक्तातल्या अँटीबॉडीज सापडल्या १९५६ मध्ये, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी. नासधूस मुख्यतः करतात त्या या पेशी. अँटी-टीपीओ ही बरीचशी त्या नासधुशीची खूण. गरोदर बाईच्या अँटीबॉडीज वारेतून बाळाकडे जातात, तरी बाळाची ग्रंथी सहसा ठणठणीत असते. उलट दहातल्या साधारण एका रुग्णाच्या रक्तात त्या सापडतच नाहीत, आजार मात्र असतो. पंगतीला किती पानं उठली हे उष्ट्या पत्रावळी मोजून कळतं, पण पत्रावळी लपवल्या म्हणून आत चाललेली पंगत थांबत नाही.

आकडा निरर्थक आहे असंही नाही. इंग्लंडातल्या विकम इथं लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. ज्या बायकांत अँटीबॉडीज होत्या पण टीएसएच नॉर्मल होतं, त्यांच्यापैकी दर वर्षी सुमारे २ टक्के जणींचं थायरॉईड मंदावलं. टीएसएचही वाढलेलं असेल तर ४ टक्क्यांहून थोडं जास्त. म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय याचा अंदाज मिळतो. तो एकदा मिळाला की मिळाला.

आणि हो, अँटीबॉडीज खाली आल्या आणि माणसाचा थकवाही कमी झाला, असं एक उदाहरण आहे. नॉर्वेत २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास : गोळीनं टीएसएच सुधारूनही थकलेले, अँटी-टीपीओ हजाराच्या वर असलेले १५० रुग्ण. त्यांच्यातल्या निम्म्यांची थायरॉईड ग्रंथी काढूनच टाकली. आकडाही उतरला, थकवाही. पण शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १४ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, आणि गोळी अर्थातच जन्मभराची. मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात हे नसावं.

'९० दिवसांत शून्य.' आता फाईल उघडते. जावेचा जानेवारीचा रिपोर्ट : अँटी-टीपीओ ९४०. एप्रिलचा : ५१०. घरात पेढे यायचेच बाकी होते. मी चष्मा लावून शेजारचा रकाना वाचला. पहिल्या लॅबमध्ये नॉर्मल ६० पर्यंत, दुसऱ्या लॅबमध्ये ३४ पर्यंत. यंत्र वेगळं, किट वेगळं. भागाकार करून पाहिला, दोन्ही वेळा पंधरा पटींच्या आसपास! (अशी तुलना करणंही शास्त्रशुद्ध नाही, पण पेढे थांबवायला पुरेशी होती.) माझ्या स्वतःच्या एका रिपोर्टवर नुसतं '१३०० पेक्षा जास्त' छापलंय, कारण त्या यंत्राची मोजणी तिथंच संपते. खरा आकडा दोन हजार होता की पाच हजार, हे कोणालाच ठाऊक नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही यंत्रं आणखी गोंधळतात. तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवायला सांगतात ते म्हणूनच.

शिवाय ज्या गोळीला शिव्या घालतात, ती घेणाऱ्यांत हा आकडा आपसूकच उतरत जातो. २००८ सालच्या एका छोट्या अभ्यासात ३८ रुग्ण होते, सगळे थायरॉक्सिनवर. तीन महिन्यांत सरासरी घट ८ टक्के, वर्षात ४५, पाच वर्षांत ७०. तरीही निगेटिव्ह झाले फक्त १६ टक्के. यात ना गहू सोडण्याचा हात, ना ब्राझील नट्सचा. गरोदरपणातही आकडा उतरतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो.

'गहू बंद.' सिलिअॅक नावाचा गव्हाचा खराखुरा आजार हाशिमोटोवाल्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून शंका असेल तर त्याची रक्ततपासणी जरूर करावी. मात्र पोळी सोडण्याच्या आधी. गहू बंद करून तीन महिन्यांनी तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. सिलिअॅक नसलेल्यांनी गहू सोडून थायरॉईड सुधारतं, याला भक्कम पुरावा नाही. ज्वारीची भाकरी खा, छानच असते.

'दूध बंद.' या वाक्यानं मला खरं कोड्यात टाकलं, कारण एप्रिलमध्ये जावेचं टीएसएच खरोखर सुधारलं होतं, ५.८ वरून २.९ वर. बरेच दिवस उत्तर सापडेना. मग एकदा तिच्याकडे मुक्कामाला असताना सकाळी ती म्हणाली, "वहिनी, पूर्वी बरं होतं, चहाबरोबरच गोळी घेऊन टाकायचे, लक्षात राहायची." थायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायचं असतं, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यापासून चार तास लांब. हिची गोळी वर्षानुवर्षं दुधाच्या चहात बुडत होती. दूध सोडलं, चहा सुटला, आणि गोळी पहिल्यांदाच पुरती अंगी लागली. निदान मला तरी दुसरं कारण दिसत नाही. श्रेय गेलं ब्राझील नट्सना.

त्या बियांत सेलेनियम असतं, आणि सेलेनियमनं अँटी-टीपीओ उतरतं हे मेसेजमधलं सर्वांत खरं वाक्य. २००२ पासून बऱ्याच अभ्यासांत तसं दिसलंय. पण उतरून पुढं काय? डेन्मार्कमध्ये थायरॉक्सिन घेणाऱ्या चारशेहून जास्त रुग्णांना वर्षभर रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा खोटी गोळी दिली. सेलेनियमवाल्यांच्या अँटीबॉडीज जास्त उतरल्या. बरं वाटणं मात्र दोन्ही गटांत सारखंच वाढलं. खोटी गोळी खाऊनही तितकंच बरं वाटलं! एका बीत सरासरी ७० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम धरतात, पण झाड कुठल्या मातीत वाढलं त्यावर हा आकडा वाटेल तसा हलतो. रोज ४०० ही अमेरिकेत मानलेली वरची मर्यादा, युरोपात तर २५५. चार बिया आणि वर एखादी मल्टिव्हिटॅमिन, की मर्यादा ओलांडलीच. जास्त सेलेनियमनं केस गळतात आणि नखं ठिसूळ होतात, म्हणजे ज्या तक्रारी घेऊन माणूस थायरॉईड तपासायला जातो त्याच.

'मग गोळी कचऱ्यात.' जावेनं एप्रिलच्या मध्यावर टाकली. पंधरा दिवस मजेत. "बघा वहिनी, काही झालं का?" काही होणार नव्हतंच. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून तर डोस बदलला की डॉक्टर सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच बघतात. मे सरता सरता तिच्या बांगड्या हातातून निघेनात. आवाज जड झाला, फोनवर मला तिच्या सासूबाईंचाच वाटला, म्हणजे माझ्याही. दरवर्षी पालख्या पुण्यात आल्या की लक्ष्मी रोडला वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायला ही सगळ्यांत पुढं. त्या दिवशी लाडवांची पिशवी दाराशी, आणि ही दुपारी चार वाजता जूनमध्ये शाल पांघरून झोपलेली. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. एप्रिलचीच लॅब, एकच कागद : अँटी-टीपीओ ४२०, आणखी उतरलेलं. टीएसएच ३८.

तो कागद मी ग्रुपवर टाकला, नाव झाकून. दोन अंगठे आले आणि एक 'शुभ सकाळ'.

राहिला शेवटचा आरोप. थायरॉक्सिनच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे; माझी गोळी दिवसाला दोन रुपयांच्या आसपास पडते. ब्राझील नट्सच्या पाव किलोच्या पाकिटाच्या पैशांत कित्येक महिन्यांच्या गोळ्या येतात. डॉक्टर अँटी-टीपीओ पुन्हा सांगत नाहीत, कारण तो ९४० असो की ४२०, डोस ठरतो टीएसएचवर. उगाच तपासणी न सांगणाऱ्याला लोभी म्हणायचं, हा हिशोब मला जमलेला नाही.

जावेची गोळी आता पाण्याच्या तांब्याशेजारी असते आणि चहा पाऊण तासानं होतो. पोळीही परत आली. उरलेलं नट्सचं पाकीट तिनं दिवाळीत चिवड्यात घातलं. घरात माणसं नऊ, त्यामुळे कोणाच्याच वाट्याला दोनपेक्षा जास्त बिया आल्या नाहीत.